यंत्राचा आवाज बदलला? खोलण्याआधी ऐका

सोलापूरहून अक्कलकोटच्या दिशेने निघाले की एमआयडीसीतल्या यंत्रमागांचा खडखडाट मागे पडतो आणि पुढे कुंभारी लागते. विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत इथलीच. तिथल्या दहा हजार घरांचा ताबा २००६ मध्ये मिळाला. असंघटित कामगारांचे रे नगरही याच गावात. त्यातल्या तीस हजार घरांपैकी पहिली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द झाली. मागावर उभे राहणारे, विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणारे अशा कष्टकऱ्यांची ही वस्ती. आणि एवढी वस्ती म्हटली की पिठाची गिरणी आली, टाकीला पाणी चढवणारा पंप आला, शिलाई यंत्राची मोटर आली.

या प्रत्येकात एक शाफ्ट फिरतो आणि त्याला दोन्ही टोकांना बेअरिंग धरून ठेवतात. ती झिजू लागली की आवाज बदलतो, आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात. आवाज आला म्हणजे बेअरिंगच गेले का? ग्रीस भरले की यंत्र गप्प होते, मग बदलायचे कशाला? मेकॅनिक म्हणतो रिवाइंडिंग करा, ते खरे मानायचे का? फोनवरच्या अ‍ॅपवर विसंबावे का?

या प्रश्नांची उत्तरे घरच्या घरी, शे-पाचशे रुपयांच्या साहित्यात बऱ्याच अंशी मिळू शकतात. मात्र ऐकण्याला क्रम हवा आणि यंत्र धडधाकट असतानाचा त्याचा आवाज तुमच्याकडे जपून ठेवलेला हवा. ही दुसरी गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही. त्यामुळे बिघाडाच्या दिवशी तुलना करायला हाताशी काहीच नसते.

झीज कशी वाढते

बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या रिंगमध्ये छर्रे फिरतात; जाळी त्यांना एकमेकांपासून अंतरावर ठेवते. ग्रीस कमी पडले, कचरा शिरला किंवा पट्टा फार ताणला गेला की रिंगच्या पृष्ठभागाला सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो. प्रत्येक छर्रा त्यावरून जाताना एक सूक्ष्म ठोका बसतो.

सुरुवातीचे हे ठोके माणसाला ऐकूच येत नाहीत. त्यांची ऊर्जा २० हजार हर्ट्‌झच्या वर, म्हणजे आपल्या श्रवणमर्यादेपलीकडे असते. त्यानंतर बेअरिंगची रिंग स्वतः थरथरू लागते आणि बारीक शीळ उमटते. मग खरखर, आणि शेवटी घरघर, उष्णता, शाफ्टला खेळ. थोडक्यात, नुसत्या कानाला आवाज स्पष्ट ऐकू येतो तेव्हा झीज बरीच पुढे गेलेली असते. घाबरून त्याच मिनिटाला यंत्र उघडण्याची गरज नसते, पण ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणण्याइतकी सवडही नसते.

पहिली दहा मिनिटे: वीज, पट्टा की बेअरिंग?

हा क्रम मोडू नका. बऱ्याच चुकीच्या दुरुस्त्या क्रम सोडल्याने होतात.

१. यंत्र नेहमीच्या भारावर चालू द्या आणि आवाज कान देऊन ऐका.

२. आता वीज बंद करा, पण ऐकणे थांबवू नका. आवाज त्याच क्षणी नाहीसा झाला आणि शाफ्ट मात्र फिरतच राहिला, तर दोष विजेच्या बाजूचा: एक फेज कमी येतो आहे, व्होल्टेज पडले आहे, वाइंडिंगमध्ये बिघाड आहे किंवा आतल्या पत्र्या ढिल्या झाल्या आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून विजेचा गुंजारव १०० हर्ट्‌झचा असतो: खालच्या पट्टीतला, एकसुरी.

३. आवाज गतीबरोबर हळूहळू उतरत गेला, तर दोष यांत्रिक आहे. या उतरत्या गतीतच खरी माहिती मिळते. पूर्ण वेगात एकजीव वाटणारी खरखर गती मंदावली की सुट्या टकटकीत फुटते. ती नियमित असेल तर एखाद्या रिंगला खड्डा आहे असे समजा.

४. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढा, पट्टा उतरवा, मग फ्यूज परत लावून मोटर एकटी चालवा. आवाज गेला, तर दोष पट्ट्यात, पुलीत किंवा पुढच्या यंत्रात आहे. मोटर खोलण्याचे कारण नाही. आवाज तसाच राहिला, तर मोटर.

५. पुन्हा वीज तोडा. शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. बोटांना खरबरीतपणा जाणवतो का? शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. खेळ जाणवला, तर ते बेअरिंग बदलायचेच.

दुसरी पायरी सर्वांत मोलाची आहे आणि तिला दमडी लागत नाही. ‘मोटर आवाज करते’ एवढ्या तक्रारीवर मोटर उचलून दुकानात नेली, की वाइंडिंग चांगले असूनही नवे भरून यायची शक्यता राहते. दुसऱ्या पायरीचा निकाल सांगूनच मोटर दुकानात द्या.

दांडी कुठे टेकवायची

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांना मिळतो. तो नसेल तर फूटभर लांब, सुकी, कठीण लाकडी दांडी किंवा लांब पेचकस चालतो. त्याचे एक टोक बेअरिंगच्या स्थिर घरावर घट्ट टेकवा आणि दुसरे कानासमोरच्या हाडावर दाबा. कानाच्या भोकात काहीही घालू नका.

मोटरला ऐकण्याच्या दोन जागा असतात: पुलीकडचे झाकण आणि पंख्याकडचे झाकण. पंख्यावरच्या पातळ पत्र्याला दांडी लावली तर पत्र्याचीच थरथर ऐकू येते. म्हणून त्यामागच्या ओतीव झाकणाच्या कडेला किंवा बोल्टच्या डोक्याला लावा. दोन्ही टोके एकापाठोपाठ ऐकली की डावे-उजवे लगेच कळते. शेजारी त्याच जातीची चांगली मोटर असेल तर तिलाही लगेच दांडी लावून पाहा. कान एकट्या आवाजावरून फसतो, दोन आवाजांतल्या फरकात सहसा फसत नाही.

यात जिवाशी गाठ आहे, म्हणून स्पष्ट सांगायला हवे: पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातला रुमाल यांपैकी काहीही पट्ट्याच्या जवळ जाता कामा नये. पट्ट्यावरचे जाळीचे कव्हर ऐकण्यासाठी काढू नका. लोखंडी दांडी असेल तर वायरच्या डबीपासून लांब ठेवा. ओल्या जमिनीवर उभे राहून पंपाला हात लावू नका.

मागांच्या शेडमध्ये धोट्याच्या आणि दांड्यांच्या ठोक्यांपुढे मोटरची शीळ ऐकू येणे जवळजवळ अशक्य असते. तिथे पाळी बदलतानाची किंवा सुटीच्या आदल्या रात्रीची वेळ धरा. शेजारचे माग बंद असताना एकच मोटर पट्टा उतरवून चालवा. एका मागाला फार वेळ लागत नाही; रोज थोडे माग घेतले तरी महिन्याभरात सगळी शेड ऐकून होते.

कोणता आवाज काय सांगतो

- बारीक, सतत शीळ: ग्रीस सुकले आहे, किंवा बेअरिंग घरात फार आवळून बसले आहे. अजून वेळ आहे.
- अनियमित करकर: आत धूळ किंवा कापसाचे तंतू शिरले आहेत. सील फाटले आहे का ते पाहा.
- नियमित टकटक, गतीबरोबर कमी-जास्त होणारी: रिंगला खड्डा. तारीख ठरवून बेअरिंग बदला.
- घरघर आणि सोबत उष्णता: यंत्र थांबवा. आणखी चालवलेत तर शाफ्टची बैठक खराब होईल. मग रोटर स्टेटरला घासून वाइंडिंगही जाईल.
- सुरू करताना चिरचिर, मग शांत: पट्टा घसरतो आहे. बेअरिंगला हात लावू नका.
- पंपातून बारीक खडी फिरत असल्यासारखा आवाज: पंपाला पाणी पुरत नाही. आत वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटत आहेत आणि ते पंख्याचा धातू कुरतडत आहेत.
- नवीन बेअरिंग बसवूनही पहिल्या दिवसापासून आवाज: बसवतानाच हातोडीचे घाव छर्‍यांवर गेले असण्याची शक्यता मोठी.

यादी तोंडपाठ करण्यासारखी वाटते, पण तिचा भार एकाच निकषावर आहे: आवाज वीज गेल्यावर थांबतो की गतीबरोबर उतरतो. तेवढे पक्के केले की उरलेले अनुभवाने जमते.

अनुभवी कान आणि त्याची झीज

रेल्वेत गाडी स्थानकात शिरताना कॅरेज-वॅगन विभागाचे कर्मचारी रुळांच्या दोन्ही बाजूंना उभे राहून प्रत्येक डब्याच्या चाकांचा आवाज ऐकतात आणि इन्फ्रारेड तापमापकाने धुऱ्याची पेटी किती तापली आहे ते पाहतात. ‘रोलिंग इन’ तपासणी म्हणतात ती हीच. आता भारतीय रेल्वेने काही मार्गांवर रुळांशेजारी मायक्रोफोनच बसवले आहेत. धावत्या गाडीचे कोणते बेअरिंग बिघडते आहे ते त्यांच्या नोंदीवरून कळते. माणसाच्या कानाला यंत्राची जोड देण्याची गरज रेल्वेला भासली, तिथे चार मागांच्या मालकाने फक्त जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, कानावर विसंबणे बरोबर नाही. कारण जॉबरचा कानही झिजतो.

ही गोष्ट शेडमध्ये फारशी बोलली जात नाही. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्याची श्रवणशक्ती सगळीकडून सारखी कमी होत नाही. ती आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास खचते. गप्पा ऐकू येतात, फोन ऐकू येतो, म्हणून कान शाबूत आहे असे वाटते. पण बेअरिंगची सुरुवातीची बारीक शीळ नेमकी या वरच्या पट्टीत असते. वीस वर्षे मागावर काढलेल्या कसलेल्या माणसाला घरघर सर्वांत आधी ओळखू येईल. शीळ मात्र त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराला आधी ऐकू येईल. म्हणून दांडी दोघांनी लावावी: एकाला आवाज ऐकू येतो, दुसऱ्याला त्याचा अर्थ कळतो.

फोनवर नोंद कशी ठेवावी

फोन हे मोजमापाचे यंत्र नाही, पण तुलनेसाठी उत्तम आहे. नोंद घेताना एवढे पाळा:

- यंत्र नवे किंवा नुकतेच दुरुस्त झालेले असताना पहिली नोंद करा. पुढे दर महिन्याला एक.
- फोन दर वेळी त्याच जागी, त्याच अंतरावर धरा. वीतभर अंतर पुरते. जागेवर रंगाचा ठिपका देऊन ठेवा.
- भार तोच हवा. रिकामी गिरणी आणि दळण घातलेली गिरणी यांची तुलना करू नका.
- तीस सेकंद यंत्र चालू, मग वीज बंद करून शाफ्ट पूर्ण थांबेपर्यंत नोंद चालू ठेवा.
- फाइलला यंत्राचा नंबर आणि तारीख द्या.
- व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमधून आवाज पाठवू नका. त्यात बोलणे जपले जाते आणि बाकीचे छाटले जाते. रेकॉर्डरची फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

स्पेक्ट्रॉइडसारख्या मोफत अ‍ॅपमध्ये आवाजातल्या कंपनांचा आलेख दिसतो. तो वाचायला थोडे गणित लागते, पण अवघड नाही. मोटरच्या पट्टीवर मिनिटाला १४४० फेरे लिहिले असतील तर सेकंदाला २४ फेरे झाले. एक-दीड हॉर्सपॉवरच्या मोटरींत ६२०४ किंवा ६२०५ नंबरचे बेअरिंग सर्रास असते. ६२०५ मध्ये साधारणपणे नऊ छर्रे असतात. बाहेरच्या रिंगला खड्डा असेल तर एका फेऱ्यात सुमारे ३.५८ ठोके बसतात, म्हणजे सेकंदाला ८६. आतल्या रिंगला असेल तर ५.४२, म्हणजे सेकंदाला १३०. आलेखात ८६, १७२, २५८ अशा ठिकाणी टोके दिसली तर संशय बाहेरच्या रिंगवर. २४ वर एकच मोठे टोक असेल तर पुली किंवा रोटरचा तोल बिघडलेला. १०० वर असेल तर वीज.

यात एक मोठा खाचखळगा आहे. फोनचा मायक्रोफोन खालच्या पट्टीतले आवाज नीट पकडत नाही आणि आवाज आपोआप वर-खाली करतो. टोक दिसले तर ते गांभीर्याने घ्या. दिसले नाही म्हणून बेअरिंग निर्दोष ठरत नाही. एका नोंदीवरून ‘बेअरिंग ७२ टक्के झिजले’ असा आकडा देणारे अ‍ॅप असेल तर ते काढून टाका.

ग्रीस भरून गप्प झाले, मग?

ग्रीस भरले, आवाज गेला, आठवड्याने परत आला. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर नियमच करता येतो. ग्रीसनंतर आवाज गेला आणि महिनोन्‌महिने आला नाही, तर कमतरता ग्रीसचीच होती. काही तासांत किंवा दिवसांत परतला, तर खड्डा पडलेला आहे. ग्रीसने तो फक्त झाकला होता. दुसऱ्यांदा ग्रीस भरण्यात वेळ घालवू नका, बेअरिंग मागवा.

दोन्ही बाजूंना रबरी किंवा पत्र्याचे झाकण असलेल्या बेअरिंगमध्ये (नंबरापुढे २आरएस किंवा झेडझेड लिहिलेले असते) ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. ते उचकटून ग्रीस घालणे म्हणजे आत धूळ जायला वाट करून देणे. उघड्या बेअरिंगमध्येही रिकाम्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच ग्रीस भरावे. ठासून भरले तर ते घुसळून तापते. आणि एका जातीच्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचे घालू नका. दोन्ही मिळून पातळ होऊन वाहून जाण्याची भीती असते.

उष्णतेकडे दुर्लक्ष नको. झाकणावर तळहात तीन-चार सेकंदही ठेववत नसेल तर तापमान साठ अंशांच्या आसपास किंवा वर आहे असे समजा. भारावर चालणाऱ्या मोटरीचे एवढे तापणे दर वेळी बिघाडच असते असे नाही, पण कालपर्यंत हात ठेववत होता आणि आज ठेववत नाही, तर कारण शोधा. टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये मोटरीवर कापसाच्या तंतूंचा थर बसतो, मोटरीला हवा मिळत नाही, आणि हाच थर पेटायला सर्वांत सोपा. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला. त्या आगीचा बेअरिंगशी संबंध जोडण्याचे काहीही कारण नाही. पण सुताने भरलेल्या जागेत आग किती वेगाने पसरते हे सोलापूरने पाहिले आहे. मोटरीवरचे तंतू रोज झाडले पाहिजेत, आणि घरघरणारी मोटर ‘पाळी संपेपर्यंत’ रेटता कामा नये.

बदलताना होणाऱ्या चुका

नवे बेअरिंग सहा महिन्यांत जाते तेव्हा दोष बहुधा बेअरिंगचा नसतो. बसवणाऱ्या हाताचा किंवा जुन्याच कारणाचा असतो.

पहिले कारण पट्ट्याचा ताण. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, एक अष्टमांश होते. घसरणारा पट्टा ‘अजून जरा ओढा’ म्हणत ताणला जातो, आणि त्याची किंमत पुलीकडचे बेअरिंग मोजते. पट्टा गुळगुळीत झाला असेल तर ताणण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते.

दुसरे कारण हातोडी. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवरच यायला हवा, घरात बसवताना बाहेरच्या रिंगवर. योग्य मापाच्या पाइपचा तुकडा मध्ये धरला तरी काम होते. उघड्या ज्योतीने बेअरिंग तापवू देऊ नका. तापवायचेच तर साधारण ११० अंशांपर्यंत, तेलात किंवा इंडक्शन हीटरवर, आणि तेही उघड्या बेअरिंगच्या बाबतीत.

तिसरे कारण वेल्डिंग. यंत्राच्या सांगाड्याला वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा लांब कुठेतरी लावला तर प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि छर्रे व रिंगमध्ये बारीक जळके डाग पडतात. चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावायला सांगा.

चौथे कारण बनावट माल. खोके, शिक्का, नंबर सगळे हुबेहूब असते. एसकेएफचे ‘ऑथेंटिकेट’ आणि शेफलरचे ‘ओरिजिनचेक’ ही अ‍ॅप पडताळणीसाठीच आहेत. बाजारभावापेक्षा निम्म्या किमतीत मिळणारे नामांकित बेअरिंग म्हणजे संशयाला पुरेसे कारण. पैसे कमी असतील तर बनावट नामांकितापेक्षा साध्या पण खऱ्या भारतीय बनावटीचे बेअरिंग बिलासह घ्यावे.

राखीव म्हणून नुसती पडून असलेली मोटरही बिघडते. शेजारच्या मागांच्या हादऱ्याने तिचे छर्रे एकाच जागी घासून रिंगवर ठसे पाडतात. आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने थोडा फिरवून ठेवा.

गिरणी आणि बोअरचा पंप

पिठाच्या गिरणीत दोन आवाज एकमेकांत मिसळतात: दगडांचा आणि बेअरिंगचा. वरचा-खालचा दगड एकमेकांना लागत असतील तर कर्कश घासण्याचा आवाज येतो आणि पीठ जास्त तापते. दगडांतले अंतर किंचित वाढवले की तो थांबतो. बेअरिंगचा आवाज अंतर वाढवूनही जात नाही. दगडांना टाकी लावल्यानंतर आवाज काही वेळ वेगळाच येतो, त्यामुळे टाकीनंतर चार-सहा दळणे झाली की मगच नोंद घ्या. घरघंटीलाही हेच लागू पडते. तिची मोटर पेटीत बंद असल्याने हवेच्या जाळ्या साफ ठेवणे मात्र अधिक गरजेचे.

बोअरमधला सबमर्सिबल पंप कित्येक फूट खोल, पाण्यात. त्याला दांडी लावता येत नाही. वर आलेल्या पाइपला लावा. पाइप आवाज वाहून आणतो. खडीसारखा आवाज आणि पाण्याची धार तुटक येत असेल तर पाणी खाली गेले आहे. उन्हाळ्यात सोलापूर भागात हे नेहमीचे. कोरडा पंप चालवू नका: या मोटरीचे बेअरिंग पाण्यावरच फिरते आणि पाण्यानेच थंड राहते. इथे कानापेक्षा पॅनेलवरचा अ‍ॅम्पियर मीटर अधिक खरे बोलतो. पंप नवा असतानाचा आकडा पॅनेलच्या दारावर रंगाने लिहून ठेवा. पुढे आकडा नेहमीपेक्षा बराच कमी दिसला तर पाण्याची कमतरता, वाढला तर पंप जाम होतो आहे किंवा फेजमध्ये गडबड आहे.

उपकरण घ्यावे का?

दोन-चार मागांच्या किंवा एका गिरणीच्या मालकाने घेऊ नये. स्टेथोस्कोप आणि फोन पुरेत.

चाळीस-पन्नास मोटरी असतील तर हातात धरायचा कंपनमापक विचारात घ्या. पंधरा किलोवॉटपर्यंतच्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानकातली ढोबळ पट्टी लक्षात ठेवायला सोपी आहे: कंपनाचा वेग सेकंदाला ०.७१ मिलिमीटरपर्यंत उत्तम, १.८ पर्यंत ठीक, ४.५ पर्यंत दुरुस्ती ठरवण्याजोगा, त्यापुढे यंत्र थांबवण्याजोगा. ही पट्टी मोटर-पंपासारख्या यंत्रांची. मागाच्या सांगाड्याला लावू नका, तो ठोक्यांनी हलतोच.

अल्ट्रासाउंड ऐकणारे उपकरण कानाच्या आधी झीज पकडते आणि शेडच्या गोंगाटातही काम करते, कारण माग तेवढ्या वरच्या पट्टीत फारसा आवाज करत नाही. त्याचा सर्वसाधारण नियम असा: मूळ नोंदीपेक्षा सुमारे ८ डेसिबल वाढ झाली तर ग्रीस तपासा, १६ झाली तर हानी सुरू झाली आहे. साखर कारखाना किंवा सूतगिरणीला हा खर्च परवडतो. महाराष्ट्रात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्यासाठी वेळेचा मुद्दा उपकरणापेक्षा मोठा आहे. गाळप बंद झाल्यावर यंत्र ऐकता येत नाही. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, यंत्रे पूर्ण भारावर असताना प्रत्येक पंप, पंखा आणि गिअरबॉक्स ऐकून यादी केली, तर ऑफ सीझनमध्ये काय उघडायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे नोंदीवरून ठरते. चांगले चाललेले यंत्र विनाकारण उघडणे हेही बिघाडाचे एक मोठे कारण आहे.

शेडमध्ये काम करणाऱ्याचे कान

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असे धरून चाला. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ९५ ला चार तास, १०० ला दोनच तास. आवाजामुळे येणारे बहिरेपण कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला त्यासाठी दावा करता येतो. त्यासाठी श्रवणचाचणीचा कागद लागतो, म्हणून कामाला लागताना एकदा आणि पुढे दरवर्षी चाचणी करून घ्या, अहवाल घरी जपून ठेवा. इअरप्लग किंवा इअरमफ मालकाकडे मागा. कानात कापसाचा बोळा घातल्याने फारसे संरक्षण मिळत नाही.

दुकानदाराशी आणि मेकॅनिकशी व्यवहार

मोटर दुरुस्तीला देताना तोंडी बोलण्यावर भागवू नका.

- बिघाडाचे वर्णन आणि अंदाजे खर्च कागदावर किंवा मेसेजवर घ्या. रिवाइंडिंग सांगितले असेल तर वाइंडिंगची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा.
- जुने बेअरिंग परत मागा. ते धुऊन रिंग पाहिली की खड्डा, जळका डाग किंवा हातोडीचा ठसा डोळ्यांनी दिसतो, आणि पुढच्या वेळचे कारण कळते.
- बिलावर बेअरिंगचा पूर्ण नंबर, कंपनी आणि हमीची मुदत लिहून घ्या.
- मोटर ताब्यात घेताना दुकानातच चालवून आवाजाची नोंद करा. पंधरा दिवसांनी तक्रार करावी लागली तर हीच नोंद कामी येते.

‘धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही’ असे अनेकांना ऐकवले जाते. ते अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन वापरणारी व्यक्ती ग्राहकच असते. स्वतः गिरणी चालवणारी बाई किंवा आपल्या दोन मागांवर स्वतः काम करणारा विणकर या व्याख्येत बसू शकतो. मोठ्या शेडचा मालक बसणार नाही. त्याच्यासाठी खरेदीचा करार आणि हमीपत्र हाच आधार.

आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि पोच ठेवा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोटर पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवलेली असली तरी कुंभारीत राहणाऱ्याला सोलापूरच्या आयोगाकडे जाता येते, कारण तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची तरतूद आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क लागत नाही, आणि वकील लावणे सक्तीचे नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. बिल, हमीपत्र, मेसेज, जुने बेअरिंग आणि तारखेसह आवाजाच्या फाइली एकत्र ठेवा. तक्रार दाखल करताना यातले प्रत्येक लागण्याची शक्यता आहे.